भातातल्या सीड्या

बांधावर पाय ठेवताच जया थबकली. दुधात आलेल्या भातावर, सुतळीनं काठ्यांना बांधलेल्या तिच्या अभ्यासाच्या बारा सीड्या वाऱ्यानं गरगर फिरत होत्या... त्यांच्यावरचं ऊन डोळ्यांत जाताच चिमण्यांचा थवा उठे आणि पलीकडे शेजारी विश्रामच्या खाचरात जाऊन बसे. तिची अख्खी दहावी तिथं लोंबकळत होती.

तिचा थोरला भाऊ शेखर शेवटची काठी ठोकत होता. "माझ्याकडं काय बघती? आईनं दिल्या. बघून झाल्या म्हणली त्या, घेऊन जा."

जयाचा नववीचा निकाल लागला त्याच महिन्यात आई, गोजराबाई, माळ्यावरून पडली आणि कमरेतून कायमची बसली. वडील नव्हते, शेखरचं लग्न व्हायचं होतं. आईपाशी घरी कोणी राहायचं, हे जयाला कोणी विचारलंही नाही. शाळेतल्या नरहरी सरांनी सतरा नंबरचा फॉर्म भरून दिला, शाळेत न येता दहावीला बसता येतं म्हणाले, आणि त्यांच्या मुलीच्या अभ्यासाच्या सीड्या दिल्या. रस्त्याकडचा तुकडा विकून आलेल्या पैशांत शेखरनं टीव्ही आणि प्लेयर घेतलाच होता. त्याची अट एकच. परीक्षा एकदाच. नापास झाली, तर महाळुंग्याचं स्थळ.

टीव्ही आईच्या खाटेसमोर होता. धडा सुरू झाला की आई भिंतीकडे तोंड करी. ती बाई गप कधी बसणार, विचारी. भाकरी करपली की सीडीतल्या बाईला बोलाव म्हणे, ती तरी धड भाजंल.

त्या दिवशी जया शेतातून आली ती तशीच खाटेपाशी उभी राहिली.

"का दिल्यास?"

"बघून झाल्या की. किती येळा बघायच्या?"

"तुला माझं वाटोळंच करायचंय."

आईनं मान भिंतीकडे वळवली.

त्या दिवसापासून जया तिच्याशी बोलली नाही. अंग पुसणं, कूस बदलणं, ताट पुढं ठेवणं, काही चुकलं नाही, पण सगळं मुक्यानं... न बोलता केलेली सेवा माणसाला किती सोलून काढते, हे तिला सोळाव्या वर्षी कळलं, आणि कळूनही ती थांबली नाही. आईही तिच्याच रक्ताची. भिंतीला सांगे, "आमच्या नर्सबाईंना देवानं तोंड न्हाई दिलं."

शेतातून सोडून आणलेल्यांपैकी नऊ सीड्या पुसून चालल्या. विज्ञानाच्या उरलेल्या तीन मात्र काठीवर आपटून आपटून चरे पडलेल्या. चित्र गोठे, शिकवणाऱ्या बाईंचं तोंड उघडं ते उघडंच राही. पुस्तक होतं, पण पुस्तकातलं हृदय हलत नव्हतं. नुसती बाणांची गुंतवळ.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी लाइट गेलेली होती. जया तेच पान सहाव्यांदा वाचून अडली आणि तिनं पुस्तक भिरकावलं. ते खाटेजवळच्या भिंतीवर आपटून पडलं.

आई हलली नाही. भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "विद्यार्थी मित्रांनो, हृदय मुठीएवढं असतं."

जया पाहत राहिली.

"चार कप्पे. वरचे दोन घेत्यात, खालचे दोन देत्यात. उजवीकडं वापरलेलं रगत, डावीकडं चांगलं. मधी भिंत, एकात एक मिसळत न्हाई. डावा खालचा सगळ्यात जाड, कारण त्याला लांब ढकलायचं असतं. लिहितीस का न्हाई? बाई फिरून सांगत न्हाई."

साडेचार महिन्यांनी जयाच्या तोंडून शब्द फुटला. "तुला कसं येतं?"

"कसं म्हंजी? दोन येळा ऐकलं की."

जात्यावरच्या शेकडो ओव्या एकदोनदा ऐकून जन्मभर सांभाळणारी बाई ती! एखादी गोष्ट तिसऱ्यांदा ऐकावी लागते, हे तिच्या कल्पनेतच नव्हतं.

"मला अडाणीला पाठ झालं, तर तुला कवाच झालं असंल, म्हणून दिल्या शेखऱ्याला."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"वाटोळं करती म्हणालीस. वाटोळं करणारीनं काय सांगायचं?"

जयानं वही उघडली. पुढचे तीन आठवडे आई भिंतीला सांगत राहिली आणि जया लिहीत राहिली. क्षमा कोणी मागितली नाही. अक्षर गिचमिड काढतेस, एवढं मात्र आईनं रोज ऐकवलं, स्वतःला एक अक्षर वाचता येत नसताना.

जया पास झाली. निकालाच्या आठवड्यातच आईनं शेखरच्या मागे लागून त्याचं लग्न ठरवलं. खाटेपाशी दुसरं माणूस आलं. जयाला पुण्याला अकरावीला, वसतिगृहात धाडायचं, हेही तिनंच ठरवलं. घरातून निघताना जया पाया पडायला वाकली, तर आईचं तोंड भिंतीकडे.

"उठसूट यायचं न्हाई. मी काय मरत न्हाई."

दिवाळीआधी आई गेली. जया पोहोचली तेव्हा खाट अंगणात काढलेली होती.

तेराव्यानंतर ती कॉलेजात परतली. जीवशास्त्राच्या बाईंनी टेबलावर प्लास्टरचं हृदय ठेवलं होतं. डावीकडचा खालचा कप्पा इतका जाड का, त्यांनी विचारलं, आणि नेमकं जयाकडे बोट केलं.

ती उभी राहिली. उत्तर पाठ होतं. तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"त्याला लांब ढकलायचं असतं," ती म्हणाली, आणि खाली बसली.