पाच घरांचं वाचनालय

त्र्याऐंशी सालच्या भादव्यात झड लागली आणि करडीच्या वाचनालयाची मागची भिंत ढासळली. भागीरथा तेव्हा तळ्यावरून मासळीची टोपली घेऊन येत होती. पाहते तर काय, बुधराम चिखलात गुडघे टेकून एकेक पुस्तक स्वतःच्या शर्टानं पुसतोय! गावानं वर्गणी काढून घेतलेली पुस्तकं, आणि त्यांची राखण याच्याकडे. तिनं टोपली खाली ठेवली, पदर खोचला आणि कामाला लागली.

"आता हे ठेवाचं कोठं?" तो रडकुंडीला आला होता.

"एकाच जागी कायले ठेवतोस गा? पाच घरी वाट. ज्याले जे पाहिजे, तो त्या घरी जाईन. एक घर गळलं तरी चार घरची तर वाचतीन!"

बुधराम पाहतच राहिला. पुस्तकांकडे नव्हे हो — तिच्याकडे!

तसंच झालं. पोथ्या शेजारच्या बायाबाईकडे गेल्या, आणि कथा-कादंबऱ्या भागीरथाच्या बापाकडे, धनीरामच्या घरी. गावाचं वाचन अडलं नाही. बुधरामचं तर भलतंच वाढलं. एक दिवसाआड स्वारी दारात हजर!

"हे तर तू तीनदा नेलं," भागीरथा ओठ दाबून हसायची.

"शेवट... ध्यानातच राहत नाही ना."

"अस्सं? मंग बस, मीच सांगते."

ती सांगायची, आणि हा ओट्यावर बसून नुसता तिच्या बांगड्यांकडे पाहायचा. तिला का कळत नव्हतं? सगळं कळत होतं. जात आड येत नव्हती, घराणं आड येत नव्हतं. याच्या बापानं शब्द टाकला असता तर धनीराम एका पायावर तयार होता. पण त्यासाठी आधी या ध्यानानं तोंड उघडायला हवं ना!

दिवाळी झाली. शेवटी तिनंच विषय काढला.

"रविवारी तुमसरहून पाहुणे येऊन राहिले... मले पाहाले."

बुधरामनं हातातलं पुस्तक उगीच उघडलं, मिटलं.

"मंग... पुस्तकं बायाबाईकडे हलवाची का?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "हलव," एवढंच म्हणून ती आत गेली.

पाहुण्यांनी पसंती दिली, साक्षगंध होऊन तिचं लग्न ठरलं. तो पुस्तकं न्यायला आला, तेव्हा तिनं सगळी पुसून, बांधून ठेवली होती. त्यानं गठ्ठा खांद्यावर घेतला आणि उंबऱ्यातच वळला.

"भागीरथा... मी पुस्तकासाठी येत नव्हतो."

"मले ठाऊक होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

"पाहुणे येतात, हे तुले कायले सांगतलं होतं मंग?" तिचा आवाज फाटला. "एक दिवस... एकच दिवस पुस्तकाबिगर येऊन पाहाचं होतं गा! बाबाबी तुहीच वाट पाहून राहिले होते."

आणि बुधराम? तेव्हाही खांद्यावरचा गठ्ठाच नीट करत राहिला. शेवटी तिनंच दार लावून घेतलं.