मिलर्स बेंडची डागडुजी

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टायरवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला, समिधाच्या कंपनीचं वर्कशॉप होतं. लग्नाचे मंडप, मॉलमधले देखावे, प्रदर्शनांचे स्टॉल असलं सगळं तिथे बनायचं. त्या वर्षी थंडीतल्या जत्रेसाठी एक आख्खी अमेरिकन गल्ली बनवायची ऑर्डर आली. पेनसिल्व्हेनियात मिलर्स बेंड नावाचं जुनं, चिमुकलं गाव होतं, त्याचा मुख्य रस्ता. लायब्ररी, पोस्ट, चर्च, बेकरी, ओळीने लाकडी घरं. घरं म्हणजे नुसते दर्शनी भाग. पुढून गाव, मागून लोखंडी पाइप आणि प्लायवूड.

गावाचे फोटो हेझल पाठवायची. ही तिथली निवृत्त शिक्षिका, आता गावचं छोटं म्युझियम सांभाळणारी. इथे संध्याकाळच्या चहाची वेळ झाली की तिथे सकाळ असायची, आणि तिचा व्हिडिओ कॉल यायचा. कुठल्या घरात पियानो आहे, कुठलं मांजर कुणाच्या खिडकीत झोपतं, सगळं ती हौसेने सांगायची. सुतारांना तिचं इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, हसणं मात्र पूर्ण कळायचं. तेही तिला कटिंग चहाचे ग्लास दाखवायचे, ती खिडकीबाहेरचा बर्फ दाखवायची. वर्कशॉपमध्ये तिचं नाव हेझलआजी पडलं ते तिच्या नकळत.

दुबईच्या करामा भागात लहानाची मोठी झालेली समिधा डिझायनर होती, आणि फोटोत जे आहे तेच बनलं पाहिजे या मताची. लायब्ररीची एक पायरी फोटोत खचलेली होती. तिने ती ड्रॉइंगमध्ये खचलेलीच दाखवली. पण मोठे मिस्त्री सोमनाथ, सावंतवाडीकडचे, त्यांच्या हाताला ते जमेना. त्यांनी पायरी सरळ करून टाकली.

"खचकी पायरी मुद्दाम बनवायची म्हणजे पाप आहे, मॅडम," एवढंच ते म्हणाले.

पुढच्या कॉलला हेझल आधी आपणच हसत सुटली. गावात गंमत झाली होती. लायब्ररीची पायरी कोणीतरी गुपचूप दुरुस्त केली होती, आणि कोणी केली ते कबूल करायला कोणी तयार नव्हतं. पाद्रीबाबांवर संशय होता. तिने फोन बाहेर नेऊन पायरी दाखवली. सोमनाथकाका चष्मा पुसून बराच वेळ बघत राहिले. कडेला त्यांच्याच रंध्याची गोलाई होती.

समिधाने ते मनावर घेतलं नाही. योगायोग असतात.

मग पोस्टाचा रंग आला. फोटोत पोस्ट हिरवं होतं, पण ती शेड शारजाच्या रोल्ला बाजारात कुठल्याच दुकानात मिळेना, म्हणून त्यांनी निळा मारला. समिधाने हेझलची माफी मागितली. हेझलला माफीचं कारणच कळेना. पोस्ट तर निळंच आहे, म्हणाली, ती शाळेत जात होती तेव्हापासून निळंच. समिधाने कॉल चालू असताना लॅपटॉपवर फोटो उघडला. फोटोत ते हिरवं होतं. हेझलच्या मागे, काचेपलीकडे, निळं.

त्या दिवशी घरी जाताना समिधा दुबईच्या मेट्रोत बसली तेव्हा तिला भीती वाटत नव्हती, उलट हसू येत होतं. हे कुणाला सांगायचं, आणि काय म्हणून सांगायचं? सकाळी ती सोमनाथकाकांजवळ गेली आणि म्हणाली, एक टेस्ट करू. मिलर्स बेंडची बेकरी कित्येक वर्षं बंद होती, फोटोत तिच्या दाराला फळ्या ठोकलेल्या होत्या. त्यांनी फळ्या लावल्याच नाहीत. फोमचे पाव कोरले, त्यांना खरपूस रंग दिला, खिडकीत मांडले, आणि दाराला 'उघडे आहे'ची इंग्रजी पाटी टांगली.

हेझलने पुढच्या कॉलला तोंडात घास असतानाच हॅलो केलं. बेकरी सुरू झाली होती. एक नवराबायको चालवतात, पाव असा की विचारू नका. सगळं गाव सकाळी तिथेच असतं, पंधरा वर्षं न बोलणारी दोन भावंडंसुद्धा काल एका टेबलावर बसली.

"कुठून आले ते?" समिधाने विचारलं.

हेझल आठवू लागली. "कुठून म्हणजे... इथलेच असतील. बोलत नाहीत फारसे. हसतात मात्र छान."

त्यानंतर वर्कशॉपमध्ये जे सुरू झालं ते कामापेक्षा सण जास्त होतं. हाताखालच्या पोरांनी कुंपणं सरळ केली, चर्चच्या छपराची गळकी कड बदलली, कुणाच्या ओसरीवर झोपाळा टांगला. पलीकडून रोज एक आनंदाची बातमी यायची. सोमनाथकाका ओव्हरटाइम न लिहिता थांबू लागले. गावी आपण घर बांधलं तेव्हा चारच दिवसांची रजा मिळाली होती, हात लावायला मिळाला नाही, हे मात्र सगळं स्वतःच्या हातून होतंय, असं ते एकदा म्हणाले.

जत्रा उघडली आणि गल्ली तुफान चालली. करामातली निम्मी कुटुंबं येऊन गेली. मुलं झोपाळ्यावरून उतरेनात. "वन मोर टाइम, प्लीज," एवढंच ऐकू यायचं. आणि सगळे एकच विचारायचे, पाव कुठे विकत मिळतात? कारण बेकरीसमोर ताज्या पावाचा वास दरवळत होता. समिधा मागच्या बाजूला गेली. तिथे वाळू, पाइप आणि वजनाच्या गोण्या होत्या. तिने प्लायवूडला हात लावला.

प्लायवूड गरम होतं. उन्हाची बाजू दुसरी होती.

मार्च सरला आणि जत्रा संपली. नियमाप्रमाणे देखावे तोडायचे असतात. लोडर येतो, ढकलतो, ट्रक भरतो, खलास. इथे भिंत पडली तर तिथे काय पडेल, हे समिधाला ठाऊक नव्हतं. तिने हेझलला काही सांगितलं नाही. काय सांगणार होती?

ती जत्रेच्या मॅनेजरकडे गेली. खलफान नावाचा हसतमुख अमिराती माणूस, त्याची स्वतःची मुलंही झोपाळ्यावर रमलेली. तिने कारण न सांगता विनवणी केली, लोडर नको. खलफानने तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, धैद गावात माझं फार्म आहे, गल्ली तिथे उभी करा, मुलं खेळतील. "यल्ला, चला, घेऊन जा."

सोमनाथकाकांनी आणि पोरांनी एकेक स्क्रू हाताने काढला. कोणी हातोडी उचलली नाही. भिंती गोधड्यांत गुंडाळून ट्रकवर चढवल्या.

त्या सगळ्या दिवसांत हेझलने फोन उचलला नाही.

समिधा रोज संध्याकाळी फोन करत राहिली. रिंग जायची. सोमनाथकाका चहा हातात धरून शेजारी उभे राहायचे आणि चहा गार व्हायचा.

धैदला शेवटची भिंत उभी राहिली, त्या संध्याकाळी फोन स्वतःच वाजला.

हेझल टवटवीत दिसत होती. माफी मागत होती. "आम्ही सगळे जरा जास्तच झोपलो," ती म्हणाली. "आख्खं गाव. इतकी छान झोप कुणालाच आठवत नाही."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोमनाथकाकांनी डोळे पुसले. समिधाही हसली, आणि मग तिला दिसलं, की ऊन हेझलच्या दुसऱ्या गालावर पडलंय.

"हो, सूर्य आता मागच्या खिडकीतून उगवतो," हेझल आनंदाने म्हणाली. "सगळ्यांना आवडलंय."

फार्मवर गल्लीचं तोंड उलट्या दिशेला लावलं होतं. कुंपणाच्या सोयीने.

त्या शनिवारी सकाळी समिधा भाजी घेऊन करामातल्या घरी आली. जिना चढून वर पोचली तर आई दारातच कौतुकाने उभी. दारावरची बाबांच्या नावाची मराठी पाटी उन्हाने पार उडाली होती, ती रातोरात कोणीतरी नव्याने रंगवली होती. वॉचमनने नाही, शेजाऱ्यांनी नाही. कोणी का असेना, आई म्हणाली, भलं होवो त्याचं.

समिधा जवळ गेली. चेंदवणकर. काळाभोर, ताजा रंग. अक्षरं सुरेख होती, पण लिहिलेली नव्हती. फोटोवरून बघून काढलेली होती, लिपी न येणाऱ्या माणसाने काढावीत तशी. शिरोरेघ आधी ओढून अक्षरं तिला खालून टांगलेली.

पाटीच्या कोपऱ्यात एक गंजका खिळा असायचा. तिने त्यावर बोट फिरवलं. सपाट लागलं.

खिळा नव्हता. त्याच्या जागी गंजाच्या रंगाचा एक ठिपका काळजीपूर्वक रंगवलेला होता, आणि त्या ठिपक्याखाली त्याची इवलीशी सावलीही.