सालाप्रमाणे लावलेली कार्डं

या, बसा. विचारपूस करायला आलात, बरं केलंत. जरा हळू बोलू. आत ही झोपली आहे.

निवृत्त झाल्यावर दोन महिने मी घरात बसलो आणि हिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर दिले. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "अहो, कुठेतरी जात चला." म्हणून वाचनालयात जाऊ लागलो. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी माझा उत्साह ओळखून एक कपाट माझ्या गळ्यात मारलं. कुणा प्राध्यापकांनी वारण्यापूर्वी दिलेलं. तेवीस पुस्तकं, सगळी स्वप्नं, दिवास्वप्नं आणि कल्पनाशक्ती यांवरची, चार शतकांतली. प्रत्येकाचं कार्ड करायचं: नाव, लेखक, साल आणि तीन ओळींत सारांश.

"काका, लेखकाच्या नावाने लावा हं," बाई म्हणाल्या. "सालाप्रमाणे लावायची नाहीत, अशी देणाऱ्यांची अट आहे."

"का?"

"कारण लिहिलेलं नाही."

कारण न लिहिलेल्या अटी मी नोकरीत चौतीस वर्षं पाळल्या होत्या. तेवढं पुरे, असं वाटलं.

मला स्वप्नं पडत नाहीत. उभ्या आयुष्यात एकही पडलेलं नाही, आणि हे मी आजवर मोठ्या तोऱ्यात सांगत आलो. त्यामुळे ही पुस्तकं मी परिपत्रकं वाचावीत तशी वाचली. प्रत्येकात नमुन्यादाखल कुणाचं तरी एक स्वप्न होतंच. तेच सारांशात उतरवत गेलो.

कार्डं झाली. तपासायला घरी आणली, आणि हात शिवशिवले. सालाप्रमाणे लावली. जेवणं झाली होती, ही पलंगावर आडवी झाली होती.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "तुमच्या कामाचं ऐकलं की मला छान झोप लागते."

वाचलं. सर्वांत जुनं कार्ड एका वैद्याच्या ग्रंथाचं. त्याच्या रोग्याला स्वप्नात दूर रस्त्यावर एक पाय ओढत चालणारा माणूस दिसे. पुढच्या पुस्तकात, दुसऱ्याच देशातल्या एका विधवेला तोच पाय ओढल्याचा आवाज कुंपणाशी ऐकू आला. एका कवीच्या दिवास्वप्नांच्या वहीत तो फाटकात होता. कल्पनाशक्तीवरच्या जाडजूड व्याख्यानमालेत जिन्याच्या तळाशी. मग पाचवी पायरी. मग अकरावी... शेवटचं पुस्तक प्राध्यापकांचं स्वतःचं. अठरावी पायरी, आणि दारावर टकटक. 'मी उघडलं नाही', एवढंच त्यांनी लिहिलं होतं.

नावाने लावली तर ती तेवीस माणसांची तेवीस स्वप्नं होती. सालाने लावली, तर एक माणूस चालत येत होता.

कार्डं खाली ठेवतोय तोच ही झोपेत म्हणाली, "उघडंच आहे... या ना."

मी तिला हलवलं. जागी व्हायला तिने बराच वेळ घेतला.

"कोण होतं गं?"

"एक गृहस्थ. फार दमले होते हो. इतक्या लांबून आले, आणि वाटेत कुणी दार म्हणून उघडलं नाही." तिने जांभई दिली. "तुम्ही असतात तर आधी अर्ज मागितला असतात."

दुसऱ्या दिवशी ती दिवसाउजेडी चार तास झोपली. तिसऱ्या दिवशी दहा. डॉक्टरांनी नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, गाढ झोप आहे, वयाने होतं. मी कार्डं नावाप्रमाणे लावली. मग उलटी लावली. मग फाडली. नोंद खोडता येते हो. आत येऊन बसलेल्या माणसाचं काय करायचं?

परवापासून ती उठतच नाही. नुसती बोलते, तीही माझ्याशी क्वचित. काल कानाशी लागून म्हणालो, "अगं, त्यांना जायला सांग."

उत्तर झोपेतच आलं. "म्हणतात... एकट्याने परत जाववत नाही."

"मग मी जातो त्यांच्याबरोबर. माझं नाव सांग."

"तुम्हाला इथलं दिसत नाही ना हो," ती म्हणाली. समजूत काढावी तशी.

मी तिच्या शेजारी आडवा झालो. डोळे मिटले. झोप लागली, जागही आली. मध्ये काहीच नव्हतं. नेहमीसारखं.

आज दुपारी ती म्हणाली, "थांबा, चपला घालते."

मी पलंगाखालून तिच्या चपला ओढल्या आणि पोटाशी धरल्या. या बघा, अजून माझ्याच हातात आहेत. ती गप्प राहिली. मला वाटलं, जमलं. मग ओठांच्या कोपऱ्यात हसली, मी चष्मा शोधताना हसते तशी.

"असू दे. अनवाणी येते."

आणि पावलं वाजली. एक ओढत जाणारं, एक हलकं. खाली... खाली. मी मोजली, दुसरं काय येतं मला. अठरा पायऱ्या. तुम्हाला ठाऊकच आहे, आमचं घर तळमजल्यावर आहे. जिना नको म्हणून तिनेच निवडलं होतं.

श्वास चालू आहे. संध्याकाळी डॉक्टर येतील, नाडी पाहतील, गाढ झोप म्हणतील. पण तिच्या पायांवर चादर आहे, आणि मघापासून तळव्यांपाशी त्या चादरीवर एक डाग पसरतोय. आधी नुसता ओला होता. आता इथून दारातूनही मातकट दिसतो.

तुम्ही आलाच आहात, तर चादर जरा वर करून पाहता का? माझ्याने होत नाही.