मॉरिशसहून आलेलं अर्धं धोतर

"नीला! अवं नीला! रुपराव आला! एकटाच आला!"

शेजारीण चंद्रकलाकाकूंची हाक भिंतीपलीकडून आली आणि नीलाच्या हातातलं संत्रं भूगोलाच्या पुस्तकावर पडलं. एकटाच? गेले होते तर दोघं!

दोघं म्हणजे शेजारचे ईश्वरदासकाका आणि त्यांचा कोराडीला राहणारा पुतण्या रुपराव. आणि गेले होते कुठे? थेट मॉरिशसला, घर बघायला! सक्करदऱ्याच्या त्या विणकरांच्या गल्लीतलं कोणी अमरावतीच्या पुढे गेलं नव्हतं. पण काकांच्या बायकोच्या, कुसुमाकाकूंच्या, छातीत जन्मभर मागावरचा कापूस बसलेला. डॉक्टर म्हणाले, समुद्राची हवा हवी. मग रुपरावने एक रंगीत फोटो आणला. लाल पत्र्याचं टिकलीएवढं घर, दोन नारळ, मागे निळं पाणी. तिकडे मराठी माणसंही आहेत म्हणे! काकांनी मागाची जागा लकडगंजच्या लाकूडवाल्याला विकली, पैसे कमरेला बांधले आणि म्हणाले, "आधी डोळ्यानं पाहीन, मंगच घेईन."

निघताना काकूंनी त्यांच्या पिशवीत एक धोतर घातलं. लाल काठाचं, कोरं, काकांनी मागावर विणलेलं शेवटचं. नीला तिथेच उभी होती.

"हे रस्त्यात नेसू नका जी," काकू म्हणाल्या. "त्या घराचा उंबरा ओलांडसान, तवाच नेसा."

काका हसले होते. तेच शेवटचं.

नीला पळत गेली तेव्हा अर्धी गल्ली दारात जमली होती. रुपराव मधोमध बसून चहा पीत होता.

"काका गेले," तो सांगत होता. "समुद्रानं नेले. मी धरलं, पण धोतर टरकन फाटलं. अर्धंच हाती आलं. देह काही सापडला नाही."

त्याने पिशवीतून लाल काठाचं अर्धं धोतर काढलं आणि काकूंच्या मांडीवर टाकलं. मग काकांच्या चपला जमिनीवर ठेवल्या. काकूंनी धोतर मुठीत चुरगाळलं, नाकाशी नेलं आणि पोटाशी घट्ट धरलं. रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "घर पाह्यलं का गा त्यायनं?"

"पाह्यलं ना काकू! ओसरीवर बसले. म्हणाले, कुसुमेले इथं झोप लागन."

काकूंनी डोळे मिटले. आणि चंद्रकलाकाकूंनी, ज्या रोज या घरातून विरजण नेत, तिथल्या तिथे पाट्याचा वरवंटा उचलून कुसुमाकाकूंच्या बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात रुतली. कोणी काढली नाही.

देह नव्हता, म्हणून दर्भाचा पुतळा करून त्याला ते धोतर गुंडाळायचं आणि दुपारी घाटावर जाळायचं ठरलं. रुपरावने जेवायला मागितलं. जेवता जेवता म्हणाला, "काकू, ही खोली महिनाअखेर खाली करा. काकानं कागद माह्या नावानं केला आहे. तुमचं आता काय, कुठंही पडून राहसान."

नीलाचं डोकं भणभणलं. पण ती शाळेतल्या वादविवाद स्पर्धेत पहिली आलेली मुलगी होती. रागावलं की हरतो, हे तिला ठाऊक होतं. तिने त्याच्यासमोर पाणी ठेवलं आणि गोड आवाजात विचारलं,

"रुपरावदादा, समुद्र कसा असते जी?"

"मोठा."

"काका पोहाले गेले होते?"

"पोहाले नाही. कमरेएवढ्या पाण्यात आंघोळ करून राहिले होते."

"हेच धोतर नेसून?"

"मंग काय सुटाबुटात?"

लोक हसले. मयताच्या घरात हसले!

"आन् चपला?"

"वाळूत काढून ठेवल्या होत्या. तशाच उचलल्या मी."

"तुम्ही लई थकले असान. कोराडीले घरी तरी जाऊन यायचं आधी."

"घरी? अवं, गाडीतून उतरलो तो थेट इथंच आलो. काकूपेक्षा घर मोठं आहे का मले?"

"वा," नीला म्हणाली.

पुतळा तयार झाला. "दे वं ते धोतर," चंद्रकलाकाकू म्हणाल्या. कुसुमाकाकूंनी ते नीलाच्या हातात दिलं आणि कुजबुजल्या, "जाय, लवकर जाळून टाका."

नीलाच्या बोटांना ते लागलं मात्र, ती थबकली. ती कोष्ट्याची पोर. बाप आता सायकलचं दुकान चालवत असला तरी आजोबांच्या मागाखाली ती रांगली होती. तिने धोतर पुतळ्याला गुंडाळलं नाही. चपला उचलल्या, धोतर छातीशी धरलं आणि ती सुसाट पळाली ती चौकातल्या फौजदार देवरावांच्या घरात!

देवराव बनियनवरच आले. मागून नीला पाण्याची बादली घेऊन.

"कोणी बाहेर जायचं नाही," देवराव म्हणाले. "बोल पोरी."

"रुपरावदादा, हे धोतर समुद्रात भिजलं होतं ना?"

"हजारदा सांगू का?"

नीलाने धोतराचं एक टोक बादलीत बुडवलं आणि चोळलं. पाणी ढवळं झालं, तांदूळ धुतल्यासारखं. टोक लुळं पडलं. बाकीचं धोतर होतं तसंच कडक, पापडासारखं.

"सूत मागावर चढवायच्या आधी त्याले खळ लावतात," ती म्हणाली. "भाताची पेज. पहिल्या पाण्यात ती निघून जाते. समुद्रात अख्खा माणूस वाहून गेला, आन् खळ तेवढी राहिली?"

"खाऱ्या पाण्यानं कापड कडकच होते!" रुपराव ओरडला.

देवरावांनी धोतराचं कोरडं टोक जिभेला लावलं. सगळे बघत राहिले. त्यांनी तोंड वाकडं केलं.

"खारट नाही. आंबूस आहे."

"आन् घड्या पाहा," नीला थांबायला तयारच नव्हती. "काकूंनी घातलेल्या घड्या अजून मोडल्या नाहीत. हे कोणी नेसलंच नाही! काकू म्हणाल्या होत्या, उंबरा ओलांडसान तवाच नेसा. तुम्ही ते ऐकलं नव्हतं, मी ऐकलं होतं. काका काकूंचा शब्द मोडून नवं धोतर आंघोळीले नेसतीन? तुम्ही ते पिशवीतून काढलं आन् कोरडंच फाडलं."

तिने चपला उलट्या करून फरशीवर आपटल्या. शिवणीतून करडी पूड पडली. पिठासारखी मऊ.

"ही वाळू आहे का?"

"राख आहे," रुपराव बोलून गेला. "कोराडीत सगळीकडंच असते. माह्या घरात..."

"तुम्ही तं घरी गेलेच नव्हते!"

देवरावांनी हात पुढे केला.

"पासपोर्ट दाखव," देवराव शांतपणे म्हणाले. "तुहा दाखव."

पासपोर्ट! त्या गल्लीत कोणी तो पाहिला नव्हता, म्हणून कोणाला मागायचंही सुचलं नव्हतं. रुपरावने खिसे चाचपले. मग चाचपायचं सोडून दिलं.

"मी सांगते काय झालं," नीला म्हणाली. "मॉरिशसले कोणी गेलंच नाही. फोटो कुठून तरी आणलेला. आधी माह्या घरी, मंग टेशनावर, असं सांगून तुम्ही काकाले कोराडीले नेलं. पैसे त्यांच्या कमरेलेच होते. विजेच्या कारखान्याची राख साठवतात त्या तळ्यापाशी नेलं. तिथंच..."

"तिथंच," रुपराव म्हणाला. आणि तो हसला! "म्हातारा सारा रस्ताभर खोकत होता. समुद्र किती दूर राहिला गा, समुद्र किती दूर राहिला गा. तळं दिसलं तं थांबला. केवढं पसरलेलं, करडं. मले म्हणते, हाच का गा समुद्र? म्हटलं, हाच. पाय धुऊन या."

देवरावांनी त्याच्या थोबाडीत मारली ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली. मग त्याची गचांडी धरून घेऊन गेले. मागोमाग सगळी गल्ली गेली, चंद्रकलाकाकू सगळ्यात पुढे. जाता जाता नीलाची पाठ थोपटून म्हणाल्या, "बापरे, काय डोकं वं पोरीचं!"

नीला फुलली होती. खरंच फुलली होती. तिने वळून कुसुमाकाकूंकडे पाहिलं. शाबासकी आता खरी तिथूनच यायची होती.

काकू बादलीपाशी बसल्या होत्या. ओलं टोक पिळत होत्या. मनगटातून रक्ताचा थेंब ढवळ्या पाण्यात पडला.

"मले हात लागल्याबरोबर समजलं होतं," त्या म्हणाल्या. "खळ म्याच शिजवली होती ना."

नीलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मंग काहून बोलल्या नाही काकू? त्यानं काकाले मारलं! तुमाले घराबाहेर काढत होता!"

"काढू देलं असतं त्याले." काकूंनी धोतराचं टोक गुडघ्यावर सरळ केलं, घडीवर घडी बसवली. "जाळलं असतं तं संपलं असतं. माह्यासाठी ते त्या घराच्या ओसरीवरच बसले असते. कुसुमेले इथं झोप लागन म्हणाले असते. तेवढंच होतं माह्याजवळ."

नीलाने बादली उचलायला हात पुढे केला, काकूंनी ती स्वतःकडे ओढली.

"आता राखेचं तळं राहिलं," काकू म्हणाल्या. "लई हुशार आहेस वं तू. जाय आता घरी."