आधी ऐकू आलेलं

मालकांनी एकदाच सांगितलं होतं, आणि तेच पुन्हा सांगत बसणाऱ्यांतले ते नव्हते. "गाणी ऐका, बातम्या ऐका, काय हवं ते ऐका. पण कानांत बुचं मारून बसायचं नाही. काचेचं काम आहे. मागून कुणी हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे."

म्हणून दुपारच्या सुट्टीत ती धाकट्या भावाला घेऊन इअरबड घ्यायला गेली. दोघं काचेच्या एकाच कारखान्यात कामाला होती. तो मोठ्या काचांवर हिरकणी फिरवून त्या मापात कापायचा, आणि कापलेल्या काचांच्या धारदार कडा ती फिरत्या चाकावर घासून बोथट करायची. दिवसभर त्या चाकाची घरघर ऐकून तिचं डोकं भणभणायचं. भावाला सगळे छोट्या म्हणत, जरी तो दारातून वाकूनच आत शिरायचा.

दुकानदारानं तीन प्रकार काढून ठेवले. "ह्याचा हूक कानामागं बसतो. ह्याची पट्टी मानेमागून जाते. आणि हे बघा, कानाच्या पाळीला चिमट्यासारखं. कान मोकळाच राहतो. गाणंही ऐका, जगही ऐका."

हूक कामाच्या चष्म्याच्या दांडीत अडकत होता. पट्टी वाकलं की घसरत होती. चिमटा मात्र कानातल्यासारखा बसला. तिनं गाणं लावलं. छोट्या मागं जाऊन हळूच म्हणाला, "ताई, चहा पाजणार का?"

गाणं चालू असूनही लख्ख ऐकू आलं.

"आधी काम कर नीट, मग चहा," ती म्हणाली, आणि तेच इअरबड घेऊन दोघं परत आली.

पहिले काही दिवस छान गेले. मग एका सकाळी गाण्याच्या आडून तिला कप फुटल्याचा आवाज आला. तिनं वळून पाहिलं. हिशेब बघणाऱ्या काकू आपल्या टेबलाशी शांतपणे चहा पीत होत्या.

"काय फुटलं हो, काकू?"

"कुठं काय?"

ते गाणं संपलं, पुढचं अर्ध्यावर आलं, आणि काकूंच्या हातातून कप निसटला. तोच आवाज. आधी खळ्‌कन, मग कपाचा कान तुटून जमिनीवर घरंगळत गेलेला.

दोन दिवसांनी दारातून मालकांचा आवाज आला, "गाडी आली का रे?" आणि मागोमाग खोकला. दारात कुणी नव्हतं. एक गाणं, मग दुसरं अर्धं. मालक आले, दारात थांबले, "गाडी आली का रे?" म्हणाले आणि खोकले.

तिनं इअरबड छोट्याला घालायला दिले. तो दोन गाणी ऐकेपर्यंत मान डोलवत बसला. "मस्त आहेत की. गाणी तेवढी रडकी आहेत तुझी."

त्याला काही ऐकू आलं नव्हतं. मग तीही कुणाशी बोलली नाही. डोक्यावर परिणाम झालाय म्हणतील, दुसरं काय! आणि खरं सांगायचं तर भीती अशी वाटत नव्हती. उलट मालक यायच्या आत तिची जागा झाडून लख्ख असायची. कप फुटण्यानं कुणाचं वाईट होत नाही.

मग ती दुपार आली. ती एक जाड काच चाकाला लावून उभी होती. गाण्यातून आधी लाकडाची करकर आली. मग काच फुटली. एक, मग तिच्यावर दुसरी, मग थप्पीच्या थप्पी, लांबलचक, कुणी वरून ओतत राहावं तशी. मग शांतता. आणि त्या शांततेत, अगदी कानाजवळ, छोट्याचा आवाज…

"ताई…"

घाबरलेला नव्हता. थकलेला होता. मग धावणारी पावलं. मग एका बाईचं रडणं. ते आपलंच आहे हे तिला जरा वेळानं कळलं.

तिनं चाक बंद केलं. छोट्या उंच लाकडी मांडणीखाली उभा होता. मांडणीत मोठ्या काचा ओळीनं उभ्या होत्या. तो शीळ घालत हिरकणी ओढत होता.

"बाहेर चल."

"अगं, अर्धी रेघ झालीये. आता सोडली तर वाकडी तुटेल."

"तुटू दे. चल म्हणते ना!"

तिनं त्याचं मनगट धरून ओढलं. बाकीच्यांनाही ओरडली, "सगळे बाहेर या! मांडणी पडणार आहे!" मालक आतून आले. "कोण म्हणालं?" ती छोट्याला ओढतच राहिली. पण तिचा चेहरा बघून काकू उठल्या, मग एकेक जण उठला, आणि शेवटी मालकही पुटपुटत गल्लीत आले.

दुसरं गाणं अर्ध्यावर आलं. आतून करकर ऐकू आली. मग सगळं खाली आलं.

कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. छोट्याचं टेबल काचेखाली दिसेनासं झालं होतं. मालक भिंतीला टेकून खाली बसले. "तुला कळलं कसं?" जो तो तिला विचारत होता. छोट्या तिच्यासमोर आला. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"नको… हाक मारू नकोस मला."

कारण काचा फुटून झाल्या होत्या आणि शांतताही झाली होती. त्यानंतरचं, त्याची "ताई" ही हाक आणि तिचं रडणं, अजून व्हायचं होतं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

तिनं त्याला आईची शपथ घातली, मला पुन्हा ताई म्हणायचं नाही. तो आधी हसला, मग तिच्याकडे बघून "बरं" म्हणाला. त्यानंतर तो तिला "अगं", "ऐक ना", मूड असला तर "मॅडम" म्हणायचा. कारखान्यात लोखंडी मांडणी आली, भिंतीत घट्ट ठोकलेली. छोट्या कामावर परत गेला. तिनं खूप विनवलं. तो म्हणाला, "दुसरं काय येतं मला?" इअरबड तिनं कपाटात खाली टाकले आणि मोकळ्या कानांनी चाकापाशी उभी राहिली, नजर सारखी त्याच्यावर. पण बाप्या माणसाला हाताशी धरून किती दिवस बसवणार?

न ऐकणंही सोपं नव्हतं. एका संध्याकाळी तो अजून घरी यायचा होता. आई स्वयंपाकघरात होती. तिच्यानं राहवलं नाही. तिनं कपाटातून इअरबड काढले, कानाला लावले आणि गाणं सुरू केलं.

नळ वाहिला. भांडं आपटलं. मग आईचा आवाज.

"आलास? उशीर केलास."

आई थांबली.

"खाऊन आलास की भूक आहे?"

आई पुन्हा थांबली. मग खळखळून हसली. "चल, काहीतरीच!"

तिनं श्वास रोखला. आईचा शब्दन्‌शब्द येत होता, पदराला हात पुसल्याची सळसळसुद्धा. उत्तर मात्र येत नव्हतं. पाऊल वाजलं नाही, बूट वाजले नाहीत… आई कुणाशी बोलत होती?

तिनं इअरबड उपटून काढले आणि मांडीवर हात घट्ट दाबून बसून राहिली.

थोड्या वेळानं आत नळ वाहिला. भांडं आपटलं. दार उघडलं आणि छोट्या आत आला.

"आलास? उशीर केलास."

"बस चुकली गं."

"खाऊन आलास की भूक आहे?"

"तू दगड वाढलास तरी खाईन."

आई खळखळून हसली. "चल, काहीतरीच!"

त्याची उत्तरं त्या रिकाम्या जागांत नेमकी बसली. कमी नाही, जास्त नाही.

तो बाहेरच्या खोलीत आला. थकलेला होता, पण धडधाकट. "काय गं, अशी काय बघतेस?"

तिनं उठून त्याचा हात धरला. ऊबदार होता. बोटांवर हिरकणीचे घट्टे होते. तिला जरा बरं वाटलं. कान मोकळे होते, त्याचा आवाज येत होता, अजून काय हवं! तिनं हात सोडला. त्यानं भिंतीकडची जड खुर्ची धरली आणि खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत नेली.

ती बघत राहिली. खुर्चीचे पाय फरशीवरून सरकत होते. कान मोकळे असूनही तिला आवाज आला नाही, मघाशी इअरबडमध्ये त्याचा आला नव्हता तसाच.

आतून आई ओरडली, "अरे, उचलून ने ना! काय कर्कश वाजतेय ती!"