भोपळूचं नाव कोणी सांगितलं?

दुपार कलली होती. ताईच्या मांडीवर लोकरीचं अर्धवट बाळटोपडं होतं, आणि समोरची गोष्टवाली इतक्या मऊ आवाजात रडत होती की ताईचे डोळे मिटू लागले.

धाकटी मात्र टक्क जागी होती. खाजगी तपास हा तिचा धंदा. थोरली बहीण सोबतीला असायची. धाकटीच्या मते, झोपेला.

गोष्टवाली इंटरनेटवरून लहान मुलांना निजतानाच्या गोष्टी सांगायची. परवा कोणीतरी तिच्या खात्यात शिरलं आणि तिच्या नावाने आयांना निरोप धाडले: गोष्टीत घालायला तुमच्या मुलांचे फोटो पाठवा. तिने नवऱ्याच्या खात्यावरून सगळ्यांना सावध केलं, तक्रार केली, खातं गोठवून घेतलं. पण चोर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणत आत गेला होता. यंत्राने विचारलं, पहिलं खेळणं कोणतं? चोराने अचूक लिहिलं, भोपळू.

“माझं कापडी अस्वल. हे नाव फक्त घरात ठाऊक,” ती म्हणाली. “नवरा तर तेव्हा गावाला गेला होता. मग मी नणंदेला नको ते बोलले. आता ती उद्या सकाळी घर सोडतेय. चोर ती नसेल तर तिला थांबवा हो. आणि असेल तर… तरी सांगा.”

गोष्टींची खोली चिमुकली होती. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर रजया टांगलेल्या. आत शिरलं की ढगात शिरल्यासारखं वाटे. नणंद तिथेच वायरी गुंडाळत होती. वहिनीच्या गोष्टीतले खोकले कापायचे, गोष्ट खात्यावर चढवायची, हे रोजचं काम तिचंच. भोपळू माहीत आहे का, या प्रश्नावर तिने सरळ हो म्हटलं आणि पुन्हा वायरी गुंडाळू लागली.

नवरा मोकळाढाकळा. आपल्याला स्वतःचा वाढदिवसही आठवत नाही, म्हणून बायकोने खात्याचा पासवर्ड संगणकाच्या कडेवर नेलपॉलिशने लिहून ठेवलाय, हे त्याने कौतुकाने दाखवलं. शिवाय श्रोत्यांचं प्रेमही सांगितलं. एक आजोबा तर नातीसाठी सारखी फर्माईश करत: शाळेची गोष्ट सांगा, गल्लीची सांगा, पहिल्या खेळण्याची सांगा.

धाकटीने ताईला रजयांच्या खोलीत बसवलं आणि कानाला गोष्टी लावून दिल्या. ताई दोन टाके विणायची, एक डुलकी घ्यायची. त्या आवाजात जिने होते, मांजरं होती, चांदण्यात वाळत घातलेले मोजे होते.

सकाळी नणंदेची बॅग दाराशी उभी होती. धाकटीने सगळ्यांना बोलावलं.

“ताई, या बाईंचं पहिलं खेळणं कोणतं गं?”

“भोपळू,” ताई टोपड्यातून मान वर न काढता म्हणाली. “जिन्यावरून पडला नि एक डोळा गेला बिचाऱ्याचा.”

गोष्टवालीचा चेहरा उतरला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“तुम्हीच की. काल, कानात.”

धाकटी संगणकाच्या कडेवरच्या लाल अक्षरांकडे वळली. या घरात पासवर्ड सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. नणंद तर रोज त्यानेच आत जायची. ज्याच्या हातात किल्ली आहे, तो खिडकीतून कशाला शिरेल? ‘विसरलो’ कोण म्हणेल? ज्याला पासवर्ड कधी माहीतच नव्हता, पण भोपळू माहीत होता, तोच. म्हणजे श्रोता.

“आणि श्रोत्यांतही एकच असा, ज्याने खेळण्याची गोष्ट मागून घेतली. शाळा, गल्ली, खेळणं. यंत्रं नेमकं हेच विचारतात. आजोबांना नात असेलच असं नाही. ते खातं कोणाचं, हे आता पोलीस शोधतील. त्याच्या फर्माइशी मी त्यांच्याकडे दिल्यात.”

“मी तर गोड म्हातारा समजून सांगत गेले,” गोष्टवाली पुटपुटली.

“मुलांना खरं सांगितलंत, ते बरंच केलंत. कुलपाला मात्र खोटं सांगायचं. तुम्हाला काय, थापा मारणं हातचा मळ.”

गोष्टवालीने नेलपॉलिशची अक्षरं नखाने खरवडून काढली. मग दाराशी जाऊन बॅग उचलली आणि स्वतःच आत नेऊन ठेवली. नणंद बघत राहिली.

खातं परत मिळालं त्या दिवशी यंत्राने पुन्हा विचारलं, पहिलं खेळणं कोणतं? गोष्टवालीने नणंदेला जवळ ओढलं. “तुला एकटीला सांगते.”

नणंदेने दोन्ही कानांवर हात ठेवले. “नको वहिनी. मला फक्त गोष्ट सांग.”

त्या दिवशीही गोष्टी ऐकायला आलेल्या ताईचं टोपडं अजून अर्धंच होतं. रजयांच्या खोलीत, सुया मांडीवर ठेवून, ती केव्हाच निजली होती.