बारशीची भरती

रेवदंडा आणि चौल यांच्यामधल्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला टेकून निकेतची शाळा होती. पाटी-पुस्तकांची नव्हे, लाटेवर बोर्ड चालवायला शिकवायची. चार बांबू, वर ताडपत्री, आत ओळीने उभे केलेले दहा-बारा सर्फबोर्ड आणि दाराशी टांगलेला एक काळा फळा. पुण्या-मुंबईची मंडळी शनिवारी पहाटे गाडीतून उतरायची आणि डोळे चोळत विचारायची, "पहिली लाट किती वाजता?" जणू अलिबागची एसटीच सुटणार होती. निकेत हसून फळ्याकडे बोट दाखवायचा.

फळ्यावर रोज चार ओळी असायच्या. लाटांची उंची, वारा, भरतीची वेळ आणि खडपावर पाणी कधी. चौथी ओळ सगळ्यांत महत्त्वाची. किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरवर समुद्रात कोपरासारखा वाकलेला खडकांचा पट्टा आहे, त्याला गावात नुसतं खडप म्हणतात. त्यावर छातीभर पाणी असलं की लाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अशी उलगडत जाते की बघणाराही खुळावतो. पाणी कमी असलं तर त्याच खडपावरच्या कालवांच्या शिंपा माणसाला सोलून काढतात. म्हणून भरतीच्या अडीच तास आधी उतरायचं, त्याआधी नाही, हा शाळेचा नियम. निकेत याबाबतीत इतका काटेकोर होता की धाकटा भाऊ मितेश त्याला चारचौघांत 'आमची वेधशाळा' म्हणून चिडवायचा.

दसरा होऊन दोन दिवस झाले होते. वाऱ्याने टॉवर बंद पाडला होता, मोबाइलवर ना नकाशा ना अंदाज. पहाटे मितेशने अंगणातूनच विचारलं, "दादा, पाणी कधी?"

निकेत अंथरुणात होता. नेट नसलं म्हणून त्याचं अडत नव्हतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे वडिलांनी, बुधाजींनी, मिठागराच्या बांधावर बसवून त्याला शिकवलं होतं. काल आईचा एकादशीचा उपास झाला होता.

"काल एकादस, म्हंजे आज बारस. बारा पाऊण नऊ. नवाची भरती. साडेसहाला उतर," त्याने कूस न बदलता सांगितलं. उठल्यावर फळ्यावरही तेच लिहिलं.

बोर्ड दोन तुकडे होऊन किनाऱ्याला लागला. मितेश लागला नाही.

संध्याकाळी मितेशची बायको कल्पिता स्वयंपाकघरातली दिनदर्शिका भिंतीवरून काढून घेऊन आली. ती निकेतपुढे ठेवून तिने एका चौकोनावर बोट ठेवलं. एकादशीनंतर थेट तेरस होती. बारशीचा क्षय होता त्या पंधरवड्यात. तेरा पाऊण पावणेदहा. भरती पावणेदहाची होती आणि खडपावर पुरेसं पाणी सव्वासातला चढायचं होतं. मितेश पाऊण तास आधी उतरला होता, कारण भावाने सांगितलं होतं.

"बघाचं तरी होतंव, दादा," कल्पिता म्हणाली. एवढंच. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही, आणि तो तिच्या जागी असता तर त्यानेही बोलणं टाकलं असतं.

शोध सुरू झाला. कोजागिरीच्या उधाणाला ओहोटी मोठी, तेव्हा खडप उघडं पडलं; पण लाटा अशा फुटत होत्या की रेवदंड्याच्या गुणाजीकाकांची होडी शंभर हातांवरूनच परत फिरली. खडपाच्या मागच्या अंगाला एक खोल कपार आहे. गेलेला माणूस अडकला तर तिथेच, असं काकांचं म्हणणं. पुढे भांग लागली, पाण्याचा चढ-उतार मंदावला. आता अमावास्येपर्यंत ती कपार उघडी पडणार नव्हती.

आणि निकेतच्या आईला, ठमाबाईला, अमावास्येपर्यंत थांबायचं नव्हतं. ती ओसरीवर एकाच जागी बसून होती. भटजींनी हळूच सुचवलं होतं की देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून विधी उरकता येतो, दहाव्याला सगळं रीतसर होईल. ती एकदाच बोलली.

"गवताचा मितेश जालाचा न्हाय मना. निकेत, माझा पोर आन. तू धाडलास, तूच आन."

तेव्हापासून निकेत किनाऱ्यावर होता. जेवायलाही घरी जात नव्हता. दुर्बीण डोळ्यांना लावायची आणि खडपाकडे बघत बसायचं. काही तरंगतंय का, पक्षी घिरट्या घालताहेत का.

पाचव्या दिवशी सकाळी त्याला पहिल्यांदा खटकलं. खडपावर पाणी कमी असलं की तिथे पांढरा फेस उकळत असतो; पाणी चढलं की फेस थांबतो आणि लाट सरळ फुटायला लागते. त्या सकाळी साडेसहाच्या ठोक्याला फेस थांबला. मोबाइल चालू झाला होता. त्या दिवसाची भरती दुपारी दीडची होती. खडपावर पाणी चढायला अकरा वाजायला हवे होते. निकेतने दुर्बीण पुसली, पुन्हा बघितलं. खडपावर छातीभर पाणी होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र खाली उतरलेला होता.

होडी ओढून घेणाऱ्या गुणाजीकाकांना त्याने विचारलं, "काका, पाण्याची वेळ चुकतेय का हल्ली?"

"बंदरावर तं बराबर हाय." काकांनी त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. "तू झोप जरा. डोले बघ कसं झालंन."

निकेत झोपला नाही. सहाव्या दिवशीही साडेसहालाच पाणी चढलं. तेव्हा त्याची नजर फळ्याकडे गेली. मितेश गेला त्या दिवसापासून फळा कोणी पुसला नव्हता. 'खडपावर पाणी सकाळी ६.३०.' त्याच्याच अक्षरात.

हा माणूस भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. वारा मोजायचं यंत्र पदरमोड करून आणणारा, तीन ठिकाणचे अंदाज ताडून मग खडू हातात घेणारा. म्हणून त्याने तेच केलं जे त्याने एरवी केलं असतं. फळा पुसला आणि मुद्दाम खोटं लिहिलं. मोबाइलवर सातव्या दिवशी पुरुषभर लाटा होत्या. त्याने लिहिलं, 'लाटा गुडघाभर.' सकाळी किनाऱ्यावर पुरुषभर लाटा आदळत होत्या. खडपावर गुडघाभर होत्या. आठव्या दिवशी त्याने लिहिलं, 'वारा अजिबात नाही.' सुरूची झाडं वाकत होती, डोळ्यांत वाळू जात होती, आणि दुर्बिणीतून खडपाभोवतीचं पाणी ताटलीतल्यासारखं स्थिर दिसत होतं.

त्याच्या अंगावर काटा यायला हवा होता. त्याला आला तो संताप. तो वाळूत उभा राहून समुद्रावर ओरडला, आजूबाजूला कोण आहे याचंही भान न ठेवता. "आता ऐकतोस व्हय? तवा का न्हाय ऐकलंस? लिवलं होतं ना तवा पण!" मग तो मटकन खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला.

नवव्या दिवशी उजाडता उजाडता त्याने फळा ओल्या फडक्याने स्वच्छ केला. आदल्या भरतीचं पाणी अजून उतरलं नव्हतं; खडपावर नुसती गर्द हिरवी फुगी दिसत होती. त्याने एकच ओळ लिहिली. 'सकाळी ६.३०. पाणी शून्य. खडप पूर्ण उघडं.'

आपण काय करतोय हे त्याला कळत होतं. उद्या दहावा होता.

साडेसहाला समुद्राने वाट दिली. उजवीकडे लाटा फुटत होत्या, डावीकडे फुटत होत्या, मधली पट्टी मात्र कुणी शांतपणे चटई गुंडाळावी तशी मागे मागे सरकत गेली. निकेत चालायला लागला. पायाखाली घट्ट, रेघारेघांची वाळू होती. एक खेकडा दिसला नाही, एक मासा तडफडताना दिसला नाही. खाऱ्या पाण्याचा वास, जो त्याच्या नाकाला जन्मल्यापासून होता, तो नव्हता.

खडपाला वळसा घालून तो कपारीपाशी आला. मनाची तयारी केली होती. नऊ दिवसांनंतर समुद्र माणसाचं काय करतो हे त्याने लहानपणी एकदा बघितलं होतं. सोबत त्याने चादर आणली होती.

मितेश कपारीच्या तोंडाशी बसला होता. मांडीवर बोर्ड आडवा, अखंड. अंगात लाल बनियन, दाढी गुळगुळीत, केस कोरडे. तो मान वर न करता पाण्याच्या दिशेने बघत होता.

"दादा," तो म्हणाला, "साडेसहा वाजले?"

निकेतच्या हातातली चादर गळून पडली. काय उत्तर द्यायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नऊ दिवस तो दुसरं काही मनात म्हणतच नव्हता.

"उतरू नको. हिशेब चुकला माझा. आज बारस न्हाय, तेरस हाय. सव्वासातला पाणी येल."

मितेश हसला. तेच हसू, चिडवायच्या आधीचं. "वेधशाळा चुकली? बरं झालं आलास. मी आता उतरतच होतो."

निकेत त्याच्या शेजारी बसला. त्याने भावाचा हात धरला. हात उबदार होता, मनगटात नाडी चालत होती. त्याने माफी मागितली, पुन्हा पुन्हा मागितली. मितेशला त्यात एवढं काय आहे ते कळेना. "अरे, पाऊण तासाचाच तं सवाल," तो म्हणाला. "आई उठली का? भाकरी टाकाय सांगितलंस ना?"

"व्हय," निकेत म्हणाला.

सव्वासातला पाणी आलं. जसं यायला हवं तसं, हळूहळू, आधी घोट्याशी, मग गुडघ्याशी. मितेश बोर्डवर पोटावर पडला आणि हात मारत पुढे गेला. "तू ये मागनं," त्याने वळून सांगितलं.

"येतो."

तिसरी लाट त्याने घेतली. उभा राहिला, गुडघे वाकवले, आणि लाट त्याला खडपावरून सोडवून सरळ किनाऱ्यापर्यंत घेऊन गेली. सुरूच्या बनाकडून कोणी तरी धावत आलं. साडीचा रंग ओळखू आला, कल्पिता होती. निकेत खडकावर उभा राहून रडत हसत होता. पोर आणला होता त्याने.

मग त्याने परतण्यासाठी पाण्यात पाय टाकला.

पाय कोरड्या खडकावर पडला.

पाणी एक हात मागे सरलं होतं. त्याने पुढचं पाऊल टाकलं. पाणी आणखी एक हात सरलं. तो धावला. वीस पावलं, पन्नास, दोनशे. खडप एवढं लांब नव्हतं. थांबून मागे बघितलं तर कपार तिथेच होती, दोन हातांवर.

तो पुन्हा खडकाच्या कडेला येऊन उभा राहिला आणि किनाऱ्याकडे बघून दोन्ही हात हलवू लागला.

होडी आली तेव्हा त्याला धीर आला. गुणाजीकाका वल्हवत होते. पुढच्या टोकाला, नाळेवर मितेश बसला होता.

मितेशची दाढी वाढली होती. आठ-नऊ दिवसांची. डोळे खोल गेले होते.

"मितेश!" निकेत ओरडला. "हितं! हितं हाय मी!"

मितेश सरळ त्याच्याकडे बघत होता. तोंडाशी हात धरून त्याने हाक दिली, "दादाऽऽ!" आवाज बसलेला होता. मग त्याने मान वळवली आणि दुसऱ्या बाजूला तशीच हाक दिली.

"पुरं कर आता," गुणाजीकाका म्हणाले. "नऊ दिस झालं, पोरा. उद्या दहावा. आईला कोनी तरी सांगाया व्हवं."

"माझी चूक हाय, काका." मितेश हमसून रडत होता. "दादानं इचारलं, पाणी कधी. मी झोपेत सांगितलं, काल एकादस झाली, आज बारस. त्यो माझ्यावर इस्वास ठेवून उतरला."

"खोटं हाय!" निकेत गुडघ्यांवर आला. होडी त्याच्या हाताच्या अंतरावर होती. "मी सांगितलं! ऐक ना, मितेश, मी सांगितलं तुला!"

काकांनी उसासा टाकला. होडीतला लांब बांबू उचलला आणि खोली बघायला खाली सोडला.

बांबू निकेतच्या दोन गुडघ्यांच्या मधोमध उतरला. खडकात शिरताना आवाज झाला नाही. तो शिरत गेला, काकांची मूठ निकेतच्या तोंडासमोर येईपर्यंत.

"दोन पुरुष पानी हाय हितं," काका म्हणाले.

त्यांनी बांबू वर ओढून घेतला. तो टोकापर्यंत ओला होता, निथळत होता. खाली खडकावर एक थेंबही पडला नाही.